घरातील कागदपत्रांची जपणूक : रुग्णालयाच्या खिडकीतून

अहवालाच्या या पानांत जमाखर्चाचे तक्ते, रुग्णसंख्येचे आकडे आणि देणगीदारांची नामावली वाचकांस पाहावयास मिळतेच. त्यांच्या जोडीने नित्य उपयोगाचा एखादा विषय मांडावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. लिहिणाऱ्याचा अधिकार वैद्यकीय नाही. नोंदणीची खिडकी, देयके आणि अभिलेख हेच आमचे कार्यक्षेत्र होय. परंतु या खिडकीत बसून जे दिसते, ते डॉक्टरांना त्यांच्या खोलीतून दिसत नाही. रुग्ण तपासणीच्या खोलीत जातो, तेव्हा त्याचे घर खिडकीसमोर उभे असते आणि त्या घराची व्यवस्था पिशवीतून निघणाऱ्या कागदांवरून आम्हांस कळते.

पावसाळ्यातील एका रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्या तालुक्यातील एका खेड्यातून साठीच्या एका शेतकऱ्यास जीपमधून आणले गेले. उजवा हात आणि पाय लुळे पडले होते, वाचा गेली होती. डॉक्टरांनी पत्नीस विचारले, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे काय? माऊली म्हणाली, "रोज रात्री एक पांढरी गोळी घेतात. चिठ्ठी पेटीत हाय." पेटी घरी होती आणि पेटीची किल्ली रुग्णाच्या करदोट्याला. शिधापत्रिका, आधार कार्ड, दोन वर्षांपूर्वीच्या हृदयविकाराचे डिस्चार्ज कार्ड हे सारे त्याच पेटीत. झटका रक्तवाहिनी तुंबल्याने आला की फुटल्याने, हे सीटी स्कॅनवाचून ठरत नाही, म्हणून रुग्णास तातडीने नांदेडला रवाना केले. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि रक्त पातळ करणारे काही औषध चालू असल्यास ते देणे धोक्याचे ठरू शकते. मुलगा किल्ली घेऊन मोटारसायकलवर चिखलातून गावी गेला. चिठ्ठी नांदेडला पोचली तेव्हा ती वेळ उलटून गेली होती.

रुग्ण वाचला, उजवा हात मात्र अधूच राहिला. चिठ्ठी हाताशी असती तर हात वाचला असता, असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. त्या घराला मात्र हा प्रश्न अद्याप सोडत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या गृहस्थांनी कागदांची हेळसांड केली नव्हती. उलट त्यांच्याइतकी नीट पेटी आम्ही क्वचितच पाहिली असेल. मुलाने नंतर ती आणून दाखविली. सातबारा, फेरफार, पीककर्जाच्या पावत्या, मुलांच्या टी.सी., सारे कापडात बांधलेले. परंतु ज्याला कागदांची जागा ठाऊक, तोच खाटेवर होता. बहुतेक घरांत कागद सांभाळणारा माणूस एकच असतो आणि तो बहुधा घरातील वयाने मोठा, म्हणजे आजारी पडण्याचा संभव ज्याचा अधिक तोच असतो. म्हणून कागद कोठे ठेवावा या प्रश्नाच्या आधी, तो आणखी कोणाला सापडेल, हा प्रश्न विचारावयास हवा. आमच्या भागात घरातील स्त्रियांना पेटीची किल्ली क्वचितच मिळते. रुग्णाबरोबर मात्र बहुतेक वेळा त्याच येतात.

यास्तव आमची पहिली सूचना अशी की, दवाखान्याचे कागद पेटीत ठेवूच नयेत. त्यांसाठी एक वेगळी, ठळक रंगाची कापडी पिशवी असावी आणि ती दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असावी. तीत प्रत्येक आजारी व्यक्तीची चालू औषधांची ताजी चिठ्ठी, मागील डिस्चार्ज कार्ड, रक्तगट, कोणत्या औषधाची रिॲक्शन येते त्याची नोंद आणि शिधापत्रिका व आधार कार्डाच्या छायाप्रती, एवढेच असावे. चिठ्ठी नसेल तर औषधाचे रिकामे पाकीट तरी टाकावे. "पांढरी गोळी" या वर्णनात बसणाऱ्या शेकडो गोळ्या असतात.

दवाखान्याच्या कागदांविषयी लोकांत आणखी एक गैरसमज आढळतो. रुग्णालयाकडे सारे असतेच, असे गृहीत धरले जाते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णाचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपण्याचे बंधन आहे आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ते ७२ तासांच्या आत द्यावयाचे असतात. पोलीस प्रकरणाचे कागद अधिक काळ ठेवले जातात. परंतु पंधरा वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेत काय काढले, हे रुग्णालयाच्या अभिलेखातून आज निघेल याची शाश्वती नाही. त्याची खरी प्रत रुग्णाच्याच घरी असावयास हवी. गर्भाशय काढलेल्या कित्येक भगिनी येतात आणि बीजांडे ठेवली की काढली, हे त्यांना सांगता येत नाही. त्यांच्याजवळ बिलाची पावती जपलेली असते, शस्त्रक्रियेचा कागद नसतो. पैसे दिल्याचा पुरावा लोक ठेवतात, कारण त्याचे मोल समजते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास ही वृत्ती आवडावी, पण येथे ती अपुरी पडते.

जपलेला कागदही कधी कधी दगा देतो. ईसीजीची पट्टी आणि सोनोग्राफीचे छायाचित्र हे बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते. दोन-चार वर्षांत, विशेषतः पत्र्याखालच्या उन्हाळ्यात किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात, त्यावरील रेषा पुसट होत जातात आणि शेवटी कोरा कागद उरतो. एटीएमची चिठ्ठी आणि पेट्रोल पंपाची पावती यांची गतही तीच. असा कागद हाती येताच त्याची झेरॉक्स काढून मूळ कागदाला जोडावी. लॅमिनेशनचा आमच्या भागात मोठा सोस आहे, त्याबद्दल चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते. उष्णतेने चिकटविलेले प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. पाठीमागचा शिक्का वा शेरा तपासणे, नवी नोंद करणे अशक्य होते, आणि कित्येक कार्यालयांत लॅमिनेट केलेला मूळ दाखला संशयाने पाहिला जातो. स्टॅम्पपेपर, जुना जातीचा दाखला, टी.सी. यांचे लॅमिनेशन कदापि करू नये. टाचणी गंजून कागदास भोक पाडते, रबर उन्हाळ्यात वितळून चिकटते, वारंवार एकाच घडीवर दुमडलेला कागद त्याच घडीवर फाटतो आणि नेमके त्या ओळीवर गट क्रमांक असतो. सुती दोरी, जाड कागदाचे पाकीट आणि जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून सुटी ठेवलेली पत्र्याची पेटी याहून अधिक काही लागत नाही. माळवदाच्या घरात ओल वरून उतरते आणि वाळवी खालून चढते. पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या आधी घर आवरतोच, तेव्हा पेटीही उघडून सावलीत वारा द्यावा. उन्हात मात्र ठेवू नये, शाई उडते.

जन्मदाखल्याचा घोळ स्वतंत्र लिहिण्याजोगा आहे. जन्म जेथे झाला, तेथील निबंधकाकडे नोंद होते, बाळाचे घर कोठे आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. आमच्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. त्यामुळे मूल वाढते सासरच्या गावी आणि त्याची नोंद असते माहेरच्या नगर परिषदेत किंवा ग्रामपंचायतीत. सहा वर्षांनी शाळाप्रवेशाच्या वेळी वडील आपल्या गावच्या ग्रामसेवकाकडे खेटे घालतात, नोंद नाही असे उत्तर मिळते, आणि मग "दवाखान्याने नोंदच केली नाही" म्हणून आमच्या खिडकीवर येतात. रुग्णालयात झालेल्या जन्माची खबर देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी २१ दिवसांची मुदत असते. परंतु दाखला उचलणे आणि त्यात बाळाचे नाव घालून घेणे हे पालकांनी करावयाचे असते. बारसे होण्यापूर्वी नोंद झाल्याने नावाचा रकाना कोरा राहतो. तो पहिल्या १२ महिन्यांत विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून भरता येतो. जन्माची नोंदच एक वर्षाहून अधिक राहिली, तर २०२३ च्या सुधारणेपासून जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांना शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, पारपत्र या सर्वांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालावयाचा आहे. पूर्वी टी.सी.वर निभावत असे, ते यापुढे निभावणार नाही.

मृत्यूनंतरच्या कागदांविषयी लिहिताना लेखणी अडखळते, तरी लिहिणे भाग आहे, कारण सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. सर्पदंश, विजेचा धक्का, विहिरीत पडणे हे आमच्या भागातील नित्याचे अपघात होत. शेतकरी कुटुंबातील व्यक्तीचा असा अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली वारसांस २ लाख रुपये मिळू शकतात. मात्र ३० दिवसांच्या आत सातबारा, वयाचा पुरावा, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल असे कागद तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पोचावे लागतात. शोकाकुल नातेवाईक शवविच्छेदन नको म्हणतात, आणि त्या क्षणी त्यांना समजावणारा माणूस निर्दय वाटतो. हे काम अनेकदा आमच्या कर्मचाऱ्यांवर येते आणि ते त्यांना आवडत नाही. तरी ते करावे लागते, कारण महिन्याभरानंतर त्याच घरातील विधवा त्या एका अहवालावाचून रिकाम्या हाताने परतताना आम्ही पाहिली आहे.

दुसरा कागद बँकेचे पासबुक. ते घरात असते, पण वाचले जात नाही. वर्षातून एकदा, मे महिन्याच्या अखेरीस, ४३६ रुपये किंवा २० रुपये खात्यातून वजा झालेले दिसतात. पूर्वी हेच आकडे ३३० आणि १२ होते. पहिली रक्कम जीवनज्योती विम्याची, दुसरी सुरक्षा विम्याची. दोन्ही योजना २०१५ साली सुरू झाल्या असून, पहिलीत कोणत्याही कारणाने आणि दुसरीत अपघाताने मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. खातेदार गेला आणि घरच्यांना विमा होता हेच ठाऊक नाही, असे प्रसंग थोडे नाहीत. पासबुक भरून आणावे, त्या ओळीवर पेन्सिलने खूण करावी आणि घरी सांगून ठेवावे. नामनिर्देशनाची ओळही त्याच पानावर पाहावी. लग्नापूर्वी उघडलेल्या खात्यावर दिवंगत आईचे नाव तसेच राहिलेले असते. नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी असते, मालकी वारसांचीच राहते, हेही ध्यानात असू द्यावे. भाऊबंदकीची निम्मी भांडणे या अज्ञानातून उद्भवतात, असा आमचा अनुभव आहे.

आपल्या मराठवाड्याला कागदाचे मोल इतर भागांपेक्षा अधिक चटके सोसून कळले आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. शाळेच्या आणि महसुलाच्या नोंदी उर्दूत, क्वचित मोडीत, आणि साल फसली. फसली सनात ५९० मिळविले की ठोकळमानाने इसवी सन येतो, म्हणजे १३५७ फसली हे १९४७-४८ चे वर्ष. १९५६ साली हा भाग मुंबई राज्यात आला, तरी काही दप्तर हैदराबादेत राहिले. जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा विचारला जातो. म्हणजे आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा हा नातवाच्या वैद्यकीय वा अभियांत्रिकी प्रवेशाचा आधार असतो. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी तपासावयास घेतल्या, तेव्हा गावोगावच्या पेट्या उघडल्या गेल्या आणि कोणालाही न वाचता येणारा म्हणून अडगळीत टाकलेला उर्दू कागद सगळ्यांना आठवला. असा कागद घरात असेल तर तो टाकू नये. जाणकाराकडून वाचून घ्यावा, मराठी मजकूर वेगळ्या कागदावर लिहून त्यासोबत ठेवावा.

आमच्या उमरीचे नाव इतिहासात आहे ते ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी येथील बँकेवर केलेल्या कारवाईमुळे. त्या काळी भूमिगत कार्यकर्त्याने जवळ कागद बाळगणे म्हणजे स्वतःच्या अटकेची सोय करणे होते. पुढे सन्मान निवृत्तिवेतन आले, तेव्हा तुरुंगवासाचा दाखला किंवा सहकाऱ्याचे प्रमाणपत्र मागितले गेले आणि ज्यांनी शहाणपणाने कागद ठेवला नव्हता त्यांनाच तो सिद्ध करण्याची पाळी आली. हे विषयांतर झाले खरे, पण या गावात बसून कागदांवर लिहिताना ते टाळता आले नाही.

एका जागी ठेवलेला कागद एका आपत्तीत जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीची घरे कोसळली, तेव्हा माणसांबरोबर पेट्याही ढिगाऱ्याखाली गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील रावणगाव, हसनाळ या गावांत रातोरात पाणी शिरले. गोदाकाठच्या आमच्या गावांनाही पाणी नवे नाही. म्हणून महत्त्वाच्या कागदांच्या साक्षांकित प्रती दुसऱ्या गावी, मुलीच्या किंवा भावाच्या घरी असाव्यात. २०१५ पासून शासनाचे डिजिलॉकर उपलब्ध आहे. त्यात विभागाकडून थेट आलेला दाखला मुळाबरोबरीचा धरला जातो, आपण मोबाइलने काढून चढविलेले छायाचित्र मात्र केवळ छायाचित्रच राहते, हा भेद पुष्कळांना ठाऊक नसतो. आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडला असेल, तर ओटीपी कोणाच्या हाती पडणार? खिडकीपाशी उभ्या असलेल्या दर चार-दोन नातेवाइकांत एकाची अडचण हीच असते.

नावांच्या तफावतीविषयी थोडक्यात. आधारवर गंगाबाई, शिधापत्रिकेवर गंगूबाई आणि पासबुकावर माहेरचे आडनाव, ही एकच स्त्री आहे हे आम्ही जाणतो, पण संगणक जाणत नाही. नांदेड जिल्हा २ जुलै २०१२ रोजी सुरू झालेल्या जीवनदायी योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत होता. आज महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना या नावाने ती चालते आणि तिची व्याप्ती सर्व कुटुंबांपर्यंत वाढली आहे. तरी शिधापत्रिकेवर सुनेचे नाव चढविलेले नसेल तर तिच्या शस्त्रक्रियेच्या मंजुरीस विलंब होतोच. आजार येण्यापूर्वी, एखाद्या मोकळ्या दुपारी सगळे कागद जमिनीवर पसरून नावे आणि जन्मतारखा एकमेकांशी ताडून पाहाव्यात. बँकेच्या जुळवणी पत्रकासारखेच हे काम आहे. चूक कोठे आहे हे कळले की निम्मे काम झाले.

शेवटचे काम एका पानाचे. शाळकरी वहीचे एक पान घ्यावे आणि घरातील मुलीच्या किंवा मुलाच्या अक्षरात यादी करावी : कोणता कागद, कोणाच्या नावाचा, मूळ की प्रत, कोठे ठेवला. खाली रेघ मारून बाहेर गेलेल्या कागदांसाठी जागा सोडावी. मूळ टी.सी. महाविद्यालयात, सातबारा सोसायटीत, डिस्चार्ज कार्ड विमा प्रतिनिधीकडे. दिले त्या दिवशी लिहावे, परत आले की खोडावे. बाहेर गेलेला कागद परत न येण्याचे प्रमाण पेटीतून हरवणाऱ्या कागदांपेक्षा पुष्कळ अधिक असते. यादीत एटीएमचा पिन किंवा पासवर्ड लिहू नये. एक प्रत पेटीच्या झाकणाला आतून डकवावी आणि एक दवाखान्याच्या त्या पिशवीत ठेवावी.

आमच्या अभिलेख कक्षात आंतररुग्ण कागदांच्या प्रतीसाठी साधा अर्ज पुरतो. अर्जावर रुग्णाचे नाव, दाखल झाल्याचा महिना व वर्ष, आणि शक्य असल्यास नोंदणी क्रमांक लिहावा. हा क्रमांक डिस्चार्ज कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात छापलेला असतो. रुग्ण स्वतः येऊ शकत नसेल, तर त्याचे स्वाक्षरी वा अंगठ्याचे संमतिपत्र आणि येणाऱ्याचे ओळखपत्र सोबत आणावे.